नेड्रा ओट्टेसनच्या पहाऱ्यातून पळालेला बाप

माणूस कशावरून ओळखावा असं नेड्रा ओट्टेसनला विचारलं तर ती सांगेल, पायांवरून. तोंडाने माणूस खोटं बोलतो, डोळ्यांनीही बोलतो, पण दिवसभर लाल धुळीत चालून आलेला पाय मोजा काढला की सगळं कबूल करून टाकतो. दक्षिण युटाच्या त्या माळावर बुटक्या ज्युनिपरच्या झाडांखेरीज सावली द्यायला कोणी नाही. तिथे नेड्रा रोज संध्याकाळी सहा पोरींचे पाय एकेक करून मांडीवर घ्यायची. बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्यात का, फोड आलाय का, मोजा खरंच बदलला की नुसता उलटा करून चढवला, सगळं बघायची. पावडर फासायची, पाय मालकिणीला परत करायची आणि म्हणायची, "पुढची."

या पोरी बिघडलेल्या. म्हणजे आईबापांच्या मते बिघडलेल्या. कोणी शाळा बुडवलेली, कोणी गांजा ओढलेली, एखादीचं आईच्या नव्या नवऱ्याशी पटत नाही, एवढाच गुन्हा. घरच्यांनी पोरी सुधारून देणाऱ्या कंपनीला फोन केला की पहाटे दोन दांडगे पुरुष येतात, पोरीला अंथरुणातून उठवतात, विमानात घालतात आणि इथे आणून सोडतात. रानात राहून पोरगी सुधारते म्हणे. सुधारते की नाही देव जाणे. वास मात्र नक्की मारायला लागते.

कारण आंघोळ आठवड्यातून एकदा. तारेचा कान लावलेला एक डबा पाणी, एक रुमाल आणि ताडपत्रीचा आडोसा. तेवढ्या पाण्यात केस धुवायचे की बाकीचं अंग, हे जिचं तिने ठरवायचं. साबण बिनवासाचा, कारण वासाला जनावरं येतात. दात घासले की फेस थुंकायचा नाही, ओठ आवळून फवारायचा, म्हणजे तो एका जागी साचत नाही. सकाळी सहा पोरी उगवतीकडे तोंड करून ओळीने फवारे मारताना पाहिल्या तर परक्या माणसाला वाटावं, कुठल्यातरी नव्या पंथाची प्रार्थना चाललीय. जेवण म्हणजे उकडलेली मसूर आणि भात. आज मसूर-भात, उद्या भात-मसूर. जेवून झालं की आपल्या कपात पाणी ओतायचं, बोटाने कडा खरवडायच्या आणि ते धुवण पिऊन टाकायचं. रानात खरकटं सांडायचं नाही, हा नियम.

आणि सगळ्या नियमांचा राजा म्हणजे खड्ड्याचा नियम. परसाकडे जायचं तर खुरपं घ्यायचं, झाडाआड खड्डा खणायचा आणि बसल्यापासून उठेपर्यंत दर दोन श्वासांनी आपलं नाव मोठ्याने घ्यायचं. नेड्रा पाठ करून उभी. नाव ऐकू येतंय तोवर पोरगी जागेवर आहे. गप्प झाली की पळाली, मग तिचे बूट पोत्यात.

"नाव घेता घेता होत नाही गं," असं प्रत्येक नवी पोरगी पहिल्या आठवड्यात रडायची.

"होतं," नेड्रा म्हणायची. "सगळ्यांचं होतं. माझंसुद्धा."

ही थाप नव्हती. कर्मचाऱ्यांना तो नियम लागू नव्हता, पण नेड्रा स्वतः बसली तरी नाव घ्यायची. जे मी पोरींकडून करून घेते ते मी करणार नसेन तर मी कोण, तुरुंगाची जेलर? असा तिचा हिशेब. बाकीचे कर्मचारी कॉलेजातून सुट्टीपुरते आलेले, दाढ्या वाढवून गिटार वाजवणारे, त्यांना याचं हसू यायचं. नेड्रा पन्नाशी ओलांडलेली बाई. आधी हायवेवरच्या मोटेलात चादरी धुवायची. मोटेल बंद पडलं तेव्हा गावात दुसरं काम कंपनीचंच होतं. एक आठवडा रानात, एक आठवडा घरी. घरी आली तरी रान तिच्या अंगातून निघायचं नाही. मॉर्मन चर्चच्या सामुदायिक जेवणात तिने कपात पाणी ओतून बटाट्याचं धुवण पिऊन टाकलं तेव्हा समोरच्या बाईचा घास हातातच राहिला. तिथल्याच संडासात आतून "नेड्रा, नेड्रा" अशी हाळी यायला लागली तेव्हा बिशपची बायको (मॉर्मनांच्या बिशपला बायको असते, आणि चर्चमधली प्रत्येक बाई सिस्टर) दारावर टकटक करून म्हणाली, "सिस्टर ओट्टेसन, बरं आहे ना? कोणाला बोलवू?"

नवरा डेल्विन. रस्ते सपाट करायची गाडी चालवून निवृत्त झालेला. तो म्हणायचा, "अगं, त्या पोरींना सुधारायला गेलीस आणि स्वतः बिघडून आलीस."

"निदान मी स्वतःच्या पायांनी गेले," ती म्हणायची.

तर अशा या नेड्राच्या तुकडीत ओहायोची मॅरिस हॅलक येऊन पडली. वय सोळा, बोलणं कात्रीसारखं. बापाचं गाद्यांचं दुकान. एक नाही, सगळ्या राज्यभर दुकानं. बाप ग्रेडन हॅलक स्वतः टीव्हीवर जाहिरात करायचा. डोक्यावर मुकुट, अंगात झोपायचा पायजमा, गादीवर उड्या मारत ओरडायचा, "ओहायो, झोप येत नाही? मग हॅलककडे या!" वर्गातली पोरं मॅरिसला बघितलं की तेच ओरडायची. आई ॲरिझोनात दुसरा संसार मांडून बसलेली. एक दिवस मॅरिसने दुकानाची सामान पोचवायची गाडी काढली आणि काचेतून थेट आत घातली. गाडी गाद्यांत रुतली, कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. बापाने पोलिसांना बोलावलं नाही, कंपनीला बोलावलं.

मॅरिस आली ती खड्ड्यावर जायलाच तयार नाही. पोट टम्म फुगलं, डोकं धरलं, तरी नाही. शेवटी एका सकाळी खुरपं घेऊन गेली, आणि ज्युनिपरमागून आवाज आला, "ओहायो, झोप येत नाही? मग हॅलककडे या!" थोडं थांबून पुन्हा तेच. बाकीच्या पोरी हसून लोळायला लागल्या.

परत आल्यावर मॅरिस हात धुता धुता म्हणाली, "नेड्रा, आडनाव हे नाव असतं ना?"

"असतं."

"मग नियम पाळला ना मी?"

नेड्राने विचार केला. नियमात नाव म्हटलं होतं, पुढचं की मागचं ते म्हटलं नव्हतं. "पाळलास," ती म्हणाली. "नखांतला साबण काढ."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. मॅरिस लाकडावर लाकूड घासून जाळ काढायला शिकली, नव्या पोरींचे फोड बांधायला शिकली, रात्री कोणी रडत असली तर जाहिरात म्हणून हसवायला शिकली. उन्हाळा सरला तसा तिला एकच प्रश्न उरला. इथून घर, की मोंटाना? मोंटानात कंपनीच्या ओळखीची एक निवासी शाळा होती. रानातून निघालेल्या बहुतेक पोरी घरी जात नसत, तिथेच जात. अजून एक वर्ष, कधी दोन. समुपदेशक ब्रायस आठवड्यातून एकदा इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, पोरी त्याच्या साबणाचा वास घ्यायला जवळ सरकून बसायच्या, आणि हा त्यांच्या आईबापांना कळवायचा, प्रगती छान आहे, आता हातातून सुटू देऊ नका. मोंटाना.

"बाबा येतोय," मॅरिस नेड्राला म्हणाली. "शनिवार-रविवार. त्याला पटवलं तर घरी. नाही पटला तर ब्रायस त्याला पटवणार."

"मग नीट वाग."

"मी नीटच वागते. त्याला नीट वागता येतं का बघ."

ग्रेडन हॅलक शनिवारी आला. नवे कोरे बूट, पाठीवर किमतीची चिठ्ठी तशीच लोंबणारी पिशवी. सगळ्यांनी गोल केला. ब्रायसने त्याला उजवा हात वर करायला लावला आणि त्याच्याकडून वदवून घेतलं: हे दोन दिवस मुलींचे नियम ते माझे नियम. बापाचा आवाज दणदणीत, टीव्हीवरचा. पोरींनी एकमेकींकडे बघून ओठ चावले. ब्रायस मग गावातल्या हॉटेलात झोपायला निघून गेला. त्याला रानात मुंग्या चावायच्या.

दुपारपर्यंत बापाचं बरं चाललं. हात धुतले. मसूर-भात खाल्ला. धुवण प्यायची वेळ आली तेव्हा कप हातात धरून बराच वेळ क्षितिजाकडे बघत राहिला.

"बाबा, एका दमात," मॅरिस म्हणाली. "चावू नकोस."

प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, पण प्यायला. संध्याकाळी मॅरिसने त्याचे मोजे काढून पाय तपासले. नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. ती मुकाट्याने पट्टी बांधत होती आणि तो तिच्या डोक्याकडे बघत होता. नेड्राला वाटलं, जमलं. घर.

पण माणसाने मसूर खाल्ली की पुढचं चुकत नाही.

"खड्ड्यावर जायचंय का, मिस्टर हॅलक?" नेड्राने विचारलं.

"नको. मी नंतर जाईन."

"नंतर म्हणजे कधी?"

"घरी गेल्यावर."

"घर ओहायोत आहे," नेड्रा म्हणाली.

"बाबा, नुसतं नाव घ्यायचंय. तू गादीवर उड्या मारत घेतोस ते."

"तो धंदा आहे, मॅरिस. तिथे कॅमेरा असतो."

"इथे नाही, तर बरंच आहे की."

"विषय संपला."

रविवारी सकाळी विषय संपलेला नव्हता. ओटमीलचा दुसरा घास तोंडात असतानाच ग्रेडन हॅलक उठला, खुरपं उचललं आणि वाकून वाकून चालत ज्युनिपरकडे निघाला. नेड्रा मागोमाग. ठरलेल्या अंतरावर पाठ करून उभी राहिली.

"ग्रेडन," मागून बारीक आवाज आला.

"ऐकू येत नाही."

"ग्रेडन."

मग काहीच नाही.

"मिस्टर हॅलक, ऐकू येत नाही." पुन्हा काही नाही. नेड्रा वळली. खुरपं जमिनीत रोवलेलं, माणूस गायब. पावलांचे ठसे टेकाडावरून पलीकडच्या कोरड्या ओढ्यात उतरले होते. कोणालाही ऐकू जाणार नाही अशी जागा शोधायला निघाला होता बिचारा. पण पलीकडे एक ओढा नाही, ओढ्यांचं जाळं आहे, आणि सगळे एकसारखे लाल.

नेड्राने जे करायचं ते केलं. पोरी ओळीने बसवल्या, प्रकरण मिटेपर्यंत आणखी कोणी पळू नये म्हणून सगळ्यांचे बूट पोत्यात घातले, गिटारवाल्या पोराला राखणीला ठेवलं आणि वायरलेस उचलला.

"एक जण पळाला. हॅलक."

"मॅरिस?" गावाहून निघालेल्या गाडीतून ब्रायसचा आवाज आला. "मी म्हणत होतो ना, तिला मोंटानाच..."

"मॅरिस माझ्यासमोर बसलीय. बाप पळालाय."

वायरलेस खरखरला. मग ब्रायस म्हणाला, "बाप पळू शकत नाही, नेड्रा. तो पाहुणा आहे."

"पाहुणा असू दे. खड्ड्यावर नाही तो."

ऑफिसने नियमाप्रमाणे शेरीफला कळवलं. शेरीफच्या माणसाने विचारलं, पळालेल्याचं वय काय? ऑफिसने सांगितलं, एकावन्न. त्याने पुन्हा विचारलं. ऑफिसने पुन्हा सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

इकडे नेड्रा टेकाडावर उभी राहून हाका मारत होती. ऊन चढत होतं. माणसाजवळ पाणी नव्हतं. मॅरिस आधी हसत होती, मग तिचं हसू गेलं.

"नेड्रा, मला जाऊ दे वर. तुझ्या हाकेला ओ देणार नाही तो. लाजेने मरेल पण देणार नाही."

"तुझ्या हाकेला देईल?"

"माझ्याही नाही. पण एका गोष्टीला दिल्याशिवाय राहवणारच नाही त्याला."

नेड्राने तिला हाताला धरून, अनवाणीच, वर नेलं. मॅरिसने छाती भरून घेतली आणि ओढ्यांच्या दिशेने आरोळी ठोकली, "ओहायो, झोप येत नाही?"

माळ गप्प. तिने पुन्हा ठोकली. आणि लांब, डाव्या हाताच्या घळीतून, घसा बसलेला पण तोच दणदणीत सूर आला, "मग हॅलककडे या!"

"पुन्हा," नेड्रा म्हणाली, आणि उतरायला लागली. मॅरिस विचारत राहिली, घळ उत्तर देत राहिली, आणि नेड्राने आवाजाच्या मागाने जाऊन ग्रेडन हॅलकला एका खडकाच्या सावलीतून उठवून आणलं. काम उरकलेलं होतं. चेहरा बघून कळत होतं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. बापलेक गळ्यात पडले, दोघंही रडले. ब्रायसही येऊन पोचला, त्याने पुन्हा गोल करवला आणि बापाला म्हणाला, "आत काय वाटतंय ते बोला."

बाप बोलायला उभा राहिला. "त्या घळीत," तो म्हणाला, "मी पहिल्यांदा स्वतःला भेटलो. एका सकाळीत या रानाने मला एवढं दिलं. माझ्या मुलीला काय काय देईल. मी माझ्या स्वार्थासाठी तिला घरी नेणार होतो. नाही. ब्रायस, मोंटाना. एक वर्ष, लागलं तर दोन."

ब्रायसने डोळे मिटून मान डोलावली. मॅरिस पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढत राहिली.

नेड्रा बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. या बाईने आयुष्यात एक नियम मोडला नव्हता आणि आज मोडायची गरजही नव्हती.

"माझे बूट द्या," ग्रेडन हॅलक तिला म्हणाला. ओढ्यातून आल्याबरोबर तिने सवयीने ते काढून घेतले होते. "दुपारचं विमान आहे."

"नाही मिळणार."

"काय?"

"खड्ड्यावर गप्प होतो त्याचे बूट पोत्यात जातात. तो माझ्या हाताच्या अंतरावर बसतो. नाव नीट घ्यायला लागला, माझी खात्री पटली, की मग बूट. मुलींचे नियम ते माझे नियम, तुम्ही हात वर करून म्हणालात. सहा पोरींनी ऐकलंय."

"नेड्रा, काहीतरीच काय," ब्रायस म्हणाला. "ते फक्त वातावरणनिर्मितीसाठी असतं."

"पोरींचंही वातावरणनिर्मितीसाठीच असतं का? मग देते सगळ्यांचे बूट वाटून."

ब्रायस वायरलेस घेऊन बाजूला गेला. ऑफिसशी बरंच बोलला. परत आला तेव्हा शर्टाला घामाचे डाग पडले होते. ऑफिसचं म्हणणं असं की हॅलक पळाला हे शेरीफला कळवून झालंय. तो पळाला असेल तर नियम लागू. नियम लावला नाही तर तो पळालाच नव्हता, म्हणजे आपण शेरीफला खोटं कळवलं, म्हणजे परवाना जातो. तेव्हा हॅलक पळालेला आहे. बसू दे.

"आणि माझं विमान?"

"विमान उद्याही असतं, ते काही पळत नाही, असं म्हणतायत," ब्रायस म्हणाला.

ग्रेडन हॅलक बसला. आधी वकिलाची भाषा केली. नेड्राने सांगितलं, वकील आला तर त्याचेही बूट पोत्यात. मग लाडीगोडी केली, नेड्राच्या घरी मोठी गादी पाठवायची तयारी दाखवली. ती म्हणाली, झोप मला येते. दुपारी मसूर-भात. संध्याकाळी भात-मसूर. अनवाणी पायांना गोखरू बोचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, खुरपं घेतलं, आणि नेड्राच्या पाठीमागून संबंध माळाला ऐकू जाईल असा आवाज आला, "ग्रेडन. ग्रेडन. ग्रेडन." शेवटी शेवटी आवाज फुटला. पोरींपैकी एकही हसली नाही. हे त्याच्या लक्षात आलं, आणि हसल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

तो येऊन मॅरिसच्या शेजारी बसला. "तू हे रोज करतेस?"

"रोज."

"सगळा उन्हाळा?"

"मला वाटलं तुला माहितेय. तूच पाठवलंस."

"पुस्तिकेत तारे होते," तो म्हणाला. "जाळाभोवती बसलेल्या मुली होत्या." मग त्याने विचारलं, "मोंटानात असं नसेल ना? तिथे इमारत आहे."

"तिथे संडासाला दार आहे. पण ते लावू देत नाहीत. गेल्या वर्षी इथून गेलेल्या मुलीने कळवलंय."

ग्रेडन हॅलक नेड्राकडे वळला. "तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"मला नका विचारू. मी पळालेल्यांना सांभाळते. पाठवणारे वेगळे असतात."

त्याने तोंड पुसलं. दुपारी ब्रायस आला तेव्हा बाप उभा राहिला आणि म्हणाला, "मी मॅरिसला घरी नेतोय."

"ग्रेडन, हा तुमच्यातला विरोध बोलतोय," ब्रायस मायेने म्हणाला. "मुलींनाही या टप्प्यावर असंच होतं. त्यांना आपण आणखी वेळ देतो."

"मला नका देऊ," बाप घाईघाईने म्हणाला. "बाई, मी नाव नीट घेतलं ना? तुमची खात्री पटली ना?"

नेड्राने पोत्यात हात घातला. आधी मॅरिसचे बूट काढले, तिच्यासमोर ठेवले. मग बापाचे. "पटली," ती म्हणाली.

मॅरिसने नाड्या बांधल्या. बाप बांधायला लागला तर टाचा सुजलेल्या, बूट चढेनात. शेवटी तिने ते हातात घेतले आणि तो तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गाडीपर्यंत गेला. गाडीत बसताना ती मागे वळून नेड्राला म्हणाली, "येते गं."

"येऊ नकोस," नेड्रा म्हणाली.

गाडीची धूळ खाली बसायच्या आधीच उरलेल्या पोरी नेड्राभोवती जमल्या. जोएल नावाची टेक्ससची पोरगी, सगळ्यांत धाकटी, तिची बाही ओढत म्हणाली, "नेड्रा, पुढच्या महिन्यात माझी आई येतेय. तिलाही पळव ना."

"मी कोणाला पळवत नाही," नेड्रा म्हणाली. "किती खाते तुझी आई?"

"चिमणीएवढं."

नेड्राने मसुरीच्या पोत्याकडे बघितलं आणि मापाचा कप शोधायला लागली.